नवा मदरबोर्ड पूर्ण वेग देत नाही: रॅम, लेन आणि वीज, कुठे काय तपासायचं

नवा बोर्ड बसवला, प्रोसेसर नवा, रॅम डीडीआर५, एसएसडी सगळ्यात वेगवान, आणि तरी मशीन म्हणावं तसं पळत नाही. किंवा पळतं, पण रॅमचं प्रोफाइल चालू केल्यापासून मधूनच निळी स्क्रीन येते, गेम बंद पडतो, मोठी झिप फाइल उघडताना ‘फाइल खराब आहे’ असा संदेश येतो. बोर्ड बदलून आणला तरी तेच. ही तक्रार पुन्हा पुन्हा येते, आणि बहुतेक वेळा बोर्डात बिघाड नसतोच.

खोक्यावर छापलेला प्रत्येक आकडा ही एकेका जागेची कमाल मर्यादा असते. रॅमचा आकडा दोनच स्टिक, चांगला मेमरी कंट्रोलर (प्रोसेसरमधला रॅम सांभाळणारा भाग) आणि ताजं बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डवरचा प्रोग्राम) धरून लिहिलेला असतो. सगळे स्लॉट भरल्यावर सगळे आकडे एकाच वेळी मिळतील असं कुठलाच बोर्ड सांगत नाही; उलट मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरांत नेमकं याच्या विरुद्ध लिहिलेलं असतं. म्हणून काहीही बदलण्याआधी सध्या काय चाललंय ते बघून घ्या. सीपीयू-झेड, जीपीयू-झेड आणि एचडब्ल्यूइन्फो हे तीन मोफत प्रोग्राम त्यासाठी पुरतात. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. बायोसमधल्या पाच सेटिंग एकदम फिरवल्या तर मशीन सुधारलं किंवा बिघडलं ते कशामुळे, हे कधीच कळणार नाही.

रॅम ६००० ची घेतली, दिसते ४८००

हा बिघाड नाही. डीडीआर५ ची कुठलीही स्टिक पहिल्यांदा जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या प्रमाण वेगाने सुरू होते. तो बहुधा ४८०० किंवा ५६०० असतो आणि व्होल्टेज १.१. पाकिटावरचा ६००० हा आकडा स्टिकवरच्या छोट्या चिपमध्ये साठवलेल्या प्रोफाइलचा असतो आणि ते प्रोफाइल बायोसमध्ये जाऊन आपण चालू करावं लागतं. इंटेलच्या बोर्डवर त्याला एक्सएमपी म्हणतात, एएमडीच्या बोर्डवर एक्स्पो. तांत्रिकदृष्ट्या हे ओव्हरक्लॉकिंगच आहे, हे लक्षात ठेवा. पुढच्या बऱ्याच भानगडी त्यातून निघतात.

प्रोफाइल चालू केल्यावर सीपीयू-झेड उघडलं की ३००० च्या आसपास आकडा दिसतो आणि लोक घाबरतात. तो बरोबर आहे. क्लॉक ३००० मेगाहर्ट्झचं असतं आणि क्लॉकच्या चढत्या-उतरत्या दोन्ही कडांवर डेटा जातो, म्हणून सेकंदाला ६००० मेगाट्रान्सफर. त्याच पानावर ‘चॅनल’ची, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधल्या वाटेची ओळ बघा. तिथे ‘४ गुणिले ३२ बिट’ असेल तर ड्युअल चॅनल चालू आहे. ‘२ गुणिले ३२ बिट’ असेल तर नाही. डीडीआर५ ची एकच स्टिक आतून दोन अर्ध्या चॅनलमध्ये विभागलेली असते, त्यामुळे २ हा आकडा बघून ड्युअल चॅनल चाललंय असा समज सहज होतो आणि मशीन वर्षानुवर्षं निम्म्या रुंदीने चालत राहतं. ६००० ला एका चॅनलची वहनक्षमता सेकंदाला ४८ गिगाबाइट, दोन्हींची ९६.

दोन स्टिक लावूनही एकच चॅनल दिसत असेल तर स्लॉट चुकला आहे किंवा एक स्टिक नीट बसलेली नाही. चार स्लॉटच्या बोर्डवर दोन स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या, म्हणजे ए२ आणि बी२ मध्ये. याला कारण आहे. बहुतेक बोर्डवर तांब्याची वाट आधी पहिल्या स्लॉटला लागते आणि तिथून पुढे दुसऱ्याला जाते. स्टिक पहिल्यात लावली तर पुढचा रिकामा तुकडा लोंबत राहतो, सिग्नल त्याच्या टोकावर आपटून परत येतो आणि खऱ्या सिग्नलमध्ये मिसळतो. ४८०० ला हे खपून जातं, ६००० ला जात नाही.

स्लॉट बरोबर असूनही एक चॅनल गायब असेल तर कूलरचे स्क्रू बघा. एकाच बाजूने जास्त आवळले गेले की प्रोसेसर सॉकेटमध्ये किंचित तिरका बसतो आणि त्या बाजूच्या पिनांचा संपर्क सुटतो. सैल करून, कर्णरेषेत थोडं थोडं आवळत बसवा. त्यानेही जमलं नाही तर प्रोसेसर काढून टॉर्चच्या उजेडात, तिरक्या कोनातून सॉकेटच्या पिना पाहा. वाकलेली पिन शेजारच्या पिनांपेक्षा वेगळी चमकते.

चार स्टिक: इथेच सगळ्यात जास्त माणसं अडकतात

दोन स्टिक ६००० ला छान चालत होत्या. त्याच मॉडेलच्या आणखी दोन आणून लावल्या आणि मशीन सुरूच होईना. हे अपेक्षित आहे, आणि हे विकत घेण्याआधी कुणी सांगत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण पैसे गेलेले असतात. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेचा अधिकृत वेग दोन स्टिकना ५२०० आहे आणि चार स्टिकना फक्त ३६००. रायझन ९००० मध्ये दोन स्टिकचा आकडा ५६०० झाला, चारचा ३६०० च राहिला. इंटेलकडे आकडे वेगळे आहेत, पण दिशा तीच: स्लॉट भरले की वेग उतरतो. बोर्ड कितीही महागडा असो, मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्ये असतो आणि तारेचं भौतिकशास्त्र कुणाचंच ऐकत नाही.

ते भौतिकशास्त्र थोडं उलगडून बघण्यासारखं आहे. ६००० मेगाट्रान्सफरला एका बिटसाठी एका नॅनोसेकंदाचा सहावा भाग मिळतो. प्रकाश निर्वातात एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. बोर्डच्या तांब्यातून सिग्नल साधारण त्याच्या निम्म्या वेगाने, म्हणजे १५ सेंटिमीटर. म्हणजे एका बिटच्या वेळात सिग्नल जेमतेम अडीच सेंटिमीटर पुढे सरकतो. प्रोसेसर ते रॅम हे अंतर त्याहून जास्त आहे. एकाच तारेवर एकामागोमाग अनेक बिट एकाच वेळी वाटेत असतात, आणि पलीकडच्या टोकाला त्यांना ओळखण्यासाठी व्होल्टेजची आणि वेळेची अगदी अरुंद खिडकी असते. त्या तारेवर आणखी एक स्टिक टांगली की भार वाढतो, परावर्तन वाढतं आणि ती खिडकी मिटत जाते. बोर्डवरच्या रॅमच्या वाटा मुद्दाम नागमोडी काढलेल्या असतात त्या यासाठीच: सगळ्या तारांची लांबी सारखी ठेवायची असते.

तेव्हा ६४ किंवा ९६ गिगाबाइट हवे असतील तर ३२ किंवा ४८ गिगाबाइटच्या दोनच स्टिक घ्या. चार आधीच घेतल्या असतील तर प्रोफाइल बंद करून मशीन सुरू करा, मग हाताने ३६००, ४०००, ४४०० असं वर चढत जा आणि जिथे चाचणी अडखळेल त्याच्या एक पायरी खाली थांबा. दोन वेगवेगळी पाकिटं एकत्र वापरताना मॉडेल क्रमांक एकच असला तरी आतल्या चिप वेगळ्या असू शकतात, हेही ध्यानात असू द्या.

चार स्टिकच्या मशीनला पहिल्यांदा सुरू करताना घाई नको. नव्या रॅमसोबत बोर्ड प्रत्येक तारेची वेळ जुळवून बघतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. स्क्रीन काळी, पंखे फिरतायत, बोर्डवरचा ‘डीरॅम’ लिहिलेला दिवा पेटलेला, आणि हे काही मिनिटं चालतं. बोर्ड मेला समजून याच वेळी बटण दाबून बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून. दहा-पंधरा मिनिटं थांबूनही काही घडलं नाही तरच वीज काढून सीमॉस रीसेट करा, म्हणजे बायोसच्या सेटिंग मूळ पदावर आणा. एएमडीच्या बोर्डवर दर वेळी असाच उशीर लागत असेल तर बायोसमध्ये ‘मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर’ चालू करा. जुळवलेल्या वेळा जपून ठेवल्या जातात. ते चालू केल्यावर निळी स्क्रीन येऊ लागली तर बंद करा आणि उशीर सोसा.

मधूनच बंद पडतं, पण चाचणीत काही दिसत नाही

यात मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती निळ्या स्क्रीनची नाही. निळी स्क्रीन निदान दिसते. रॅममध्ये एखादा बिट उलटा झाला आणि तो बिट तुमच्या फोटोचा किंवा हिशोबाच्या फाइलचा असला, तर ती फाइल तशीच डिस्कवर जाते. बॅकअपमध्येही तीच खराब प्रत जाते. कळतं ते महिन्यांनी. म्हणून अस्थिर रॅमवर ‘चालतंय ना बऱ्यापैकी’ असं म्हणून काम करू नका.

डीडीआर५ मध्ये चूक दुरुस्त करणारी सोय आहे ना, असं इथे हमखास विचारलं जातं. आहे, पण ती चिपच्या आतल्या साठ्यापुरती. स्टिक आणि प्रोसेसर यांच्यामधल्या तारेवर झालेली चूक ती पकडत नाही, आणि प्रोफाइल चढवल्यावरच्या चुका नेमक्या तिथेच होतात. त्यासाठी पूर्ण ईसीसी (वाटेतलीही चूक दुरुस्त करणारी सोय) असलेली वेगळी रॅम आणि तिला साथ देणारा बोर्ड लागतो.

क्रम असा ठेवा. आधी बायोस ताजं करा. नव्या प्लॅटफॉर्मवर पहिल्या वर्षातल्या बायोसमध्ये रॅमबाबतच सगळ्यात जास्त सुधारणा येतात. मग प्रोफाइल बंद ठेवून मेमटेस्ट८६ ची पूर्ण फेरी रात्रभर चालू द्या. इथेच चूक दिसली तर स्टिक, स्लॉट किंवा सॉकेट खराब आहे. एकेक स्टिक वेगळी करून तपासा आणि वॉरंटीत बदलून घ्या. इथे स्वच्छ पार पडलं तर प्रोफाइल चालू करून पुन्हा तीच चाचणी, आणि तिच्यानंतर विंडोजमध्ये टेस्टमेम५ किंवा वाय-क्रंचर काही तास. प्रोफाइलवरच चुका येत असतील तर वेग एक पायरी उतरवा, ६००० वरून ५६००.

पायरी उतरवायला लोक फार नाखूश असतात, म्हणून हिशोब मांडतो. सीएल म्हणजे मागणीपासून डेटा येईपर्यंत जाणारे क्लॉकचे ठोके. सीएल ३० ला दोन हजाराने गुणून ६००० ने भागा: १० नॅनोसेकंद. तोच सीएल ३० ५६०० ला: १०.७ नॅनोसेकंद. वहनक्षमता ९६ वरून ८९.६ गिगाबाइट. रोजच्या कामात हा फरक हाताला लागत नाही. उलट ४८०० सीएल ४० ला तोच आकडा १६.७ होतो, म्हणून प्रोफाइल पूर्ण बंद करून बसण्यापेक्षा मधली पायरी शोधणं चांगलं. वरच्या बाजूलाही असंच आहे: रायझन ७००० आणि ९००० मध्ये ६००० च्या बरंच वर गेलं की मेमरी कंट्रोलर रॅमच्या निम्म्या क्लॉकवर जातो, आणि पाकिटावरचा आकडा मोठा असूनही मशीन कधी कधी मंदावतं.

वेग टिकवण्यासाठी व्होल्टेज मात्र मनाने वाढवत नेऊ नका. एप्रिल २०२३ मध्ये काही रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसकट जळाल्याचं उघड झालं, तेव्हा एएमडीने एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणाऱ्या व्होल्टेजला) १.३ ची मर्यादा घातली. त्याआधीचं बायोस अजून कुणाकडे चालू असेल तर आजच बदला. तसंच इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे झीज होत असल्याचं २०२४ मध्ये कंपनीने मान्य केलं आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मायक्रोकोडच्या, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या दुरुस्त्या दिल्या. त्या बायोसमधून येतात. झालेली झीज मात्र त्यांनी भरून येत नाही. अशा प्रोसेसरवर रॅम उतरवून, ड्रायव्हर बदलून वेळ घालवू नका, वाढीव वॉरंटीत तो बदलून मागा.

लेन: एक भरलं की दुसरं रिकामं

ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडी ज्या वाटांनी जोडले जातात त्या पीसीआय एक्सप्रेसच्या मोजक्याच लेन प्रोसेसरमधून निघतात. रायझन ७००० मध्ये २८, त्यातल्या ४ चिपसेटसाठी, म्हणजे यूएसबी, नेटवर्क वगैरे सांभाळणाऱ्या बोर्डवरच्या चिपसाठी जातात. उरलेल्या २४ मध्ये ग्राफिक्स कार्ड, एसएसडी आणि बाकी सगळं. चिपसेटवर तुम्ही कितीही एसएसडी, यूएसबी, नेटवर्क टांगा, बी६५० किंवा एक्स६७० चिपसेटच्या बोर्डवर ते सगळं चौथ्या पिढीच्या ४ लेनमधूनच प्रोसेसरकडे जातं, म्हणजे सेकंदाला सुमारे ८ गिगाबाइट. धरणात पाणी कितीही असो, कालव्याच्या तोंडाएवढंच शेतात पोचतं. चिपसेटच्या दोन एसएसडींमध्ये एकाच वेळी कॉपी आणि बॅकअप चालवलात की हे लगेच जाणवतं. सगळ्यात वेगवान डिस्क प्रोसेसरच्या शेजारच्या एम.२ स्लॉटमध्ये (पट्टीसारख्या एसएसडीच्या जागेत) लावा.

इंटेलच्या १२ ते १४व्या पिढीत पाचव्या पिढीच्या लेन फक्त १६ आहेत आणि त्या ग्राफिक्स कार्डाच्या आहेत. त्यामुळे ज्या बोर्डवर जेन ५ चा एम.२ स्लॉट आहे तिथे त्यात काहीही लावलं की ग्राफिक्स कार्ड १६ वरून ८ लेनवर येतं. काही बोर्डवर एखादा एम.२ भरला की साटाचे (केबलने जोडायच्या डिस्कचे) दोन पोर्ट बंद होतात, आणि ‘हार्ड डिस्क दिसेनाशी झाली’ म्हणून केबल बदलण्यात दिवस जातो. मॅन्युअलमधलं लेनवाटपाचं कोष्टक हे त्या पुस्तकातलं सगळ्यात मोलाचं पान आहे.

ग्राफिक्स कार्ड किती लेनवर आहे ते जीपीयू-झेडमध्ये दिसतं. स्वस्थ असताना तिथे पिढी १.१ दिसली तर चिंता नको, वीज वाचवण्यासाठी ती उतरते. शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून रेंडर टेस्ट चालवा आणि मग बघा. ८ लेनच दिसत असतील तर आधी कार्ड मुळात किती लेनचं आहे ते पाहा. आरटीएक्स ४०६० ८ लेनचंच बनवलेलं आहे, आरएक्स ६५०० एक्सटी तर ४. खालचा लांब स्लॉट दिसायला १६ चा असला तरी बऱ्याचदा आतून ४ चा आणि चिपसेटवरचा असतो. कार्ड वरच्याच स्लॉटमध्ये हवं.

कॅबिनेटमध्ये कार्ड उभं लावायला रायझर केबल वापरली असेल तर पहिला संशय तिच्यावर घ्या. तिसऱ्या पिढीसाठी बनलेल्या केबलमधून चौथ्या पिढीचा सिग्नल नीट जात नाही. स्क्रीन काळी होते, किंवा विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हिआ लॉगर’च्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या भागाच्या १७ क्रमांकाच्या नोंदींची रांग लागते. बायोसमध्ये तो स्लॉट ‘ऑटो’वरून जेन ३ वर आणा. नोंदी थांबल्या तर दोष केबलचा.

एसएसडी ७००० मेगाबाइट सांगते, कॉपी ४०० ने होते

सुरुवातीचे काही गिगाबाइट वेगात आणि मग घसरण, असं होत असेल तर एसएसडीतला तात्पुरता वेगवान साठा भरला आहे. क्यूएलसी (एका पेशीत चार बिट साठवणाऱ्या) चिपच्या स्वस्त डिस्कमध्ये आणि जवळपास भरलेल्या डिस्कमध्ये हे लवकर घडतं. तापमान बघा, हीटसिंकखालची प्लॅस्टिकची पातळ फिल्म सोलायची राहिली नाही ना ते बघा. स्रोत हार्ड डिस्क असेल, १ गिगाबिटचं नेटवर्क असेल किंवा साटा एसएसडी असेल तर तीच मर्यादा. नेटवर्कला सेकंदाला १२५ मेगाबाइटच्या पुढे वाट नाही, साटाला साधारण ५५०.

जेन ३ वरून जेन ५ वर जाऊनही विंडोज सुरू व्हायला तेवढाच वेळ का, याचं उत्तर छोट्या फाइलींमध्ये आहे. ४ किलोबाइटचा एक तुकडा फ्लॅशमधून यायला ५० मायक्रोसेकंद लागले आणि एकामागून एक तुकडा मागितला, तर सेकंदाला ८० मेगाबाइटच होतात. वाट रुंद केल्याने हा वेळ कमी होत नाही.

वीज आणि उष्णता

जड काम सुरू केल्यावर पहिला अर्धा-एक मिनिट जोरात आणि मग क्लॉक खाली, ही वीजमर्यादेची खूण. इंटेल कोअर आय७ १३७०० ची मूळ मर्यादा ६५ वॅट आहे आणि तात्पुरती २१९ वॅट; स्वस्त बोर्ड तात्पुरता काळ संपला की ६५ वर आणतो. एएमडीकडे ६५ वॅटचा प्रोसेसर सॉकेटमधून ८८ वॅटपर्यंत घेतो. एचडब्ल्यूइन्फोमध्ये मर्यादेच्या कारणांचा भाग असतो. ‘पॉवर लिमिट’पुढे ‘येस’ असेल तर बायोसमध्ये मर्यादा वाढवता येते, पण आधी प्रोसेसरशेजारच्या व्हीआरएमचं, म्हणजे त्याला वीज पुरवणाऱ्या भागाचं तापमान पाहा. तिथे हीटसिंकच नसेल तर मर्यादा तशीच राहू द्या. रायझन ७००० मात्र जड कामात ९५ अंशांना टेकला तरी तो तसाच आखलेला आहे.

आणि हे सगळं ठीक असेल, तर? मग प्रोसेसर त्याच्या मर्यादेवर आहे. पेंटियम १९९४ मध्ये १०० मेगाहर्ट्झ होता, पेंटियम ४ ने २००४ मध्ये ३.८ गिगाहर्ट्झ गाठले, आणि त्याच वर्षी इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द केला. त्यानंतर वीस वर्षांनी, २०२४ मध्ये, आय९ १४९००केएस ६.२ ला पोचला. ट्रान्झिस्टर लहान होत राहिले, पण त्यांचं व्होल्टेज पूर्वीसारखं उतरेना आणि उष्णता साठू लागली, म्हणून क्लॉकऐवजी कोअर वाढले. कोअरचंही गणित आहे: कामाचा ९० टक्के भाग वाटून घेता येत असेल तर १६ कोअरवर ते सव्वासहा-साडेसहा पट वेगाने होतं, आणि कोअर कितीही वाढवले तरी दहा पटीच्या पुढे जात नाही. तुमचा प्रोग्राम चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये एकच कोअर भरलेला आणि बाकी रिकामे दिसले तर नवा बोर्ड, जास्त कोअर किंवा जेन ५ डिस्क यांपैकी कशानेही तो वेगवान होणार नाही; एका कोअरवर जास्त काम करणारा प्रोसेसरच हवा.

बायोस अपडेट केल्यावर प्रोफाइल, वीजमर्यादा, स्लॉटची पिढी, सगळं मूळ पदावर जातं. अपडेटआधी बायोसच्या पानांचे फोटो काढून ठेवा आणि नंतर रॅमचा आकडा व चॅनलची ओळ पुन्हा एकदा बघा.